एक जून

ड्रमकाँड्राच्या सिग्नलला बसने ब्रेक मारला तेव्हा मी फोटोतली माणसं मोजत होते आणि नवव्या माणसावर माझं बोट घसरलं. पाकीट शनिवारीच आलं होतं. घरमालकिणीने ते जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवून दिलं होतं, कपाटाला इथले आयरिश लोक प्रेस म्हणतात, आणि सोमवारी सकाळी मी दार ओढून घेत असताना तिला त्याची आठवण झाली. स्वोर्ड्सला बसमध्ये चढल्यावर वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसून मी ते फोडलं. आत पत्र नव्हतं. अप्पांच्या निरोप समारंभाचा एक फोटो होता आणि मागे त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं होती. सातव्या जागी नाव न लिहिता नुसतं ‘मी’ लिहिलं होतं. सहा जण खुर्च्यांवर, पाच जण मागे उभे. सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार, हातात नारळ. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, सेवानिवृत्तीनिमित्त सत्कार, ३१ मे २००६. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अकरा. सांगलीच्या त्या पाटबंधारे कार्यालयात तीनशेच्या आसपास माणसं असतील. प्रत्येकाची नोकरी सदतीस-अडतीस वर्षांची धरली तर वर्षाला आठ जण निवृत्त व्हायला हवेत, महिन्याला एकसुद्धा पुरता नाही. एका दिवशी अकरा हे योगायोगाने होणार नाही. पण मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडच्या सरकारी कार्यालयांत ३१ मेला असेच फोटो निघतात.

अप्पांच्या पिढीत मूल घरी जन्मायचं आणि तारीख कुणी टिपून ठेवत नसे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे, हात पोचला की सहा वर्षं पुरी झाली असं धरायचे आणि रजिस्टरमध्ये एक जून लिहायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, तीच सेवापुस्तकात. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी भोर तालुक्यातल्या आरोग्य पाहणीचे सहा हजार कागद संगणकात भरले होते. त्यातली एकोणीसशे माणसं एक जूनला जन्मलेली निघाली. आमच्या मॅडम म्हणाल्या, ही तारीख म्हणजे रिकामी जागा समज. मी तसं समजणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली. बस सुटली आणि मला आठवलं की तीच ओळ मी मार्चमध्ये इथेही लिहिली आहे. दोनशे चौदावी. जन्मतारीख एक जानेवारी किंवा एक जून असेल तर ती माहीत नाही असं धर आणि तिच्या जागी त्या गटातलं सरासरी वय भर. एक जानेवारीला कारण होतं, माहिती नसली की कुठल्याही देशातला कारकून एक जानेवारी भरून मोकळा होतो. एक जून लिहिताना मी काही विचार केल्याचं आठवत नाही. हाताने लिहिलं. आणि इथे त्या ओळीतून ज्यांच्या तारखा जात होत्या ते भोर तालुक्यातले लोक नव्हते. ते अमेरिकेतल्या एका क्लबचे बेसबॉल खेळणारे तरुण होते.

मी बेसबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. ग्रँड कॅनाल डॉकला दुसऱ्या मजल्यावर आमची सहा जणांची कंपनी आहे. ती शिरीषनी काढली. ते मूळचे नागपूरचे, आधी इथल्या एका विमा कंपनीत होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात म्हणून मीही शिरीष म्हणते, पण मराठीत बोलताना ‘तू’ काही तोंडातून येत नाही. आम्ही आधी घोड्यांच्या शर्यतींचे आकडे करायचो. मागच्या वर्षी शिरीषनी हा अमेरिकन क्लब मिळवला. बेसबॉलमध्ये ३१ जुलै ही खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत असते. तिथल्या दुपारी चारनंतर, म्हणजे आमच्या संध्याकाळी नऊनंतर, मोकळेपणाने कुणाला देता-घेता येत नाही. यंदा आपण जिंकू शकतो असं ज्या क्लबला वाटतं तो आपल्याकडची दोन-तीन होतकरू मुलं देऊन टाकतो आणि बदल्यात हंगामाच्या उरलेल्या दोन महिन्यांपुरता एखादा तयार खेळाडू आणतो. कोणाला द्यायचं हाच प्रश्न असतो. आमच्या क्लबची अशी तीस मुलं लहान लहान गावांतल्या संघांतून खेळत होती. पुढच्या सहा वर्षांत कोण किती उपयोगी पडेल त्या क्रमाने त्यांची यादी लावणं हे माझं काम. पहिल्या बाराजणांना हात लावायचा नाही, त्याखालचे देता येतील. मुलांना कुणी विचारत नाही. दुपारी फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या गावात वेगळा शर्ट घालून उभं राहायचं असतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की माझं इथलं वर्क परमिटसुद्धा कंपनीच्या नावावर आहे, माझ्या नाही.

तीस जणांत एक जूनला जन्मलेला एकच होता. विल्मर, डॉमिनिकन रिपब्लिकचा, एक जून १९८७, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा. माझ्या यादीत तो चौदावा होता. त्याच्या संघात सगळे बावीसच्या आसपासचे, त्यामुळे माझ्या ओळीने त्यालाही बावीसचा केला होता. बावीस वर्षांच्या मुलाने तिथे तसं खेळणं साधारण आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने तसं खेळणं अजिबात साधारण नाही. यादीत मी फक्त नाव, क्रमांक आणि एक आकडा द्यायचे, वय देत नव्हते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मात्र जूनमध्ये क्लबच्या ऑफिसातल्या ग्रेगने, तिकडून आमच्याशी तोच बोलतो, विचारलं होतं की आमच्या जुन्या जाणत्या माणसांना हा मुलगा इतका आवडतो, तुमच्या यादीत इतका खाली कसा. मी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं. तो फार वेळा बॅट न लावताच बाद होतो, स्ट्राइक-आऊट. ते खोटं नव्हतं. त्याच्या वरच्या चौघांचे स्ट्राइक-आऊट त्याच्याहून जास्त होते, तेवढं मी बघितलं नाही. आकडा समोर होता, त्याला शोभणारं कारण हवं होतं, ते पहिल्याच चाळणीत मिळालं. ग्रेगने आभार मानले. परवा, शनिवारी, त्याने शिरीषना सांगितलं की विल्मर आणि आणखी दोघांना देऊन ते एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेत आहेत. सोमवारी मुदतीच्या आत जाहीर करतील.

बसमधून उतरून मी नदीच्या कडेने चालत गेले. एरवी मी या वाटेवर क्रेन मोजते, जुलैच्या सुरुवातीला डॉकभोवती सतरा होत्या. त्या दिवशी मोजल्या नाहीत. ऑफिसात आमची ग्रॉन्या नुकतीच येऊन खिडक्या उघडत होती. सगळं ठीक ना, असं तिने विचारलं. इथे असं विचारलं की ग्रँड म्हणायचं असतं. मी ग्रँड म्हणाले, संगणक चालू केला, ओळीतला एक जून काढला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्याला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी भोरचं सगळं आठवत बसले, ते तांबूस कागद, टोकाला लावलेल्या टाचण्या, आणि एक जून दिसला की हाताला मिळणारी विश्रांती, कारण ती जागा सोडून पुढे जाता यायचं. यादी आली. विल्मर दुसरा.

मग मला वाटलं की त्याचीही तारीख खोटी असेल तर. हे अगदीच हवेतलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी व्हिसाचे कागद कडक तपासले जायला लागल्यावर त्याच्या देशातले कितीतरी खेळाडू कागदावरच्या वयापेक्षा मोठे निघाले होते. म्हणजे माझी ओळ चुकून बरोबरही असू शकत होती. मला हा विचार फार आवडला, आणि आवडला म्हणूनच तपासायला हवा होता. क्लबने दिलेल्या माहितीत तिकडच्या बेटांवरचे अकराशे चाळीस खेळाडू होते. वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी साधारण तीन जण जन्मलेले सापडायला हवेत. एक जानेवारीला एकोणीस होते. एक जूनला चार. एकतीस मेला तीन, दोन जूनला पाच. तिथल्या मास्तरांना एक जूनचं काही पडलेलं नव्हतं. ती इतर तारखांसारखी एक तारीख होती, त्या दिवशी तिथे मुलं जन्माला येत होती.

दहा वाजले होते. तिकडे पहाटेचे पाच. ग्रेग बारापर्यंत उठणार नव्हता, शिरीष साडेदहाला येणार होते, आणि तोवर ही गोष्ट पृथ्वीवर फक्त मला माहीत होती. मी जिन्यात जाऊन अप्पांना फोन लावला. पाऊस काय म्हणतोय, ऑफिस नाही का, अशी त्यांची सुरुवात झाली. फोटो मिळाल्याचं सांगितलं. मग मी विचारलं की तुमची तारीख खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं, तर नोकरीत असताना बदलून का नाही घेतली. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं की अप्पा एकोणपन्नास सालचे, शेंगांची काढणी चालू असताना जन्मलेले, म्हणजे ऑक्टोबर. कागदावर जून अठ्ठेचाळीस. सोळा महिन्यांचा फरक. त्यांची नोकरी सोळा महिने आधी संपली, आणि त्यावर ते कधी काही बोलले नव्हते. फोनवर ते थोडं हसले.

“बदलून काय करू? खरी तारीख लावली असती तर नोकरीला लागलो तेव्हा सोळाच वर्षांचा होतो असं निघालं असतं. अठराशिवाय घेत नव्हते. मास्तरांनी सोळा महिने आधी दिले, सरकारनं शेवटी परत घेतले. त्यात काय एवढं.”

मी त्यांना विल्मरचं सांगितलं. बेसबॉल न समजताही त्यांना सगळं समजलं, सेवाज्येष्ठतेच्या याद्यांमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं आहे. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, त्या पोराची तारीख खरी हाय का पण. मी म्हणाले, ते मला माहीत नाही, पण खोटी म्हणायला माझ्याकडे काही नाही. मग म्हणू नये, असं ते म्हणाले आणि दूधवाला आल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी पायरीवर बसून राहिले. एप्रिलमध्ये घरी गेले होते तेव्हा मला अप्पा थकल्यासारखे वाटले होते. जिना चढताना कठडा धरतात, चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, मी आईला म्हणालेसुद्धा की बरं झालं, वेळेवर निवृत्त होतायत, अठ्ठावन्न म्हणजे काही कमी नाही. तेव्हा ते साडेछप्पन्न वर्षांचे होते. आणि तो कठडा, आता पायरीवर बसल्यावर मला आठवलं, मी शाळेत होते तेव्हापासून ते धरूनच जिना चढतात. मला आधी आकडा माहीत होता आणि मग मी बघितलं होतं. जूनमधल्या स्ट्राइक-आऊटचंही तसंच झालं होतं.

शिरीष आले ते खुशीत होते. सकाळपासून मुदतीच्या बातम्या वाचत होते, आमच्या क्लबचं नाव चार ठिकाणी आलं होतं. मी दार लावून घेतलं आणि दोन्ही याद्या समोर ठेवल्या. त्यांनी सगळं ऐकलं, उठून स्वतः चहा केला आणि माझ्यासाठीही आणला. त्यांच्या आजोबांची तारीख चौदा जानेवारी होती, कारण त्या मास्तरांना संक्रांत आवडायची, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले की यादी आपण सुधारून पाठवूच, त्यात दुमत नाही, पण कारण सांगायची गरज नाही. काल रविवारपर्यंतचे सामने धरून नवे आकडे, एवढंच लिहायचं.

“चौदावरून दुसरा, दोन दिवसांत?” मी म्हणाले.

“काल दोन होमरन मारलेत त्याने. मी बघितलं.”

“त्याने चौदाचा तेरावा होतो. चालवून बघितलं मी.”

ते हसले. काहून इतकी तयारी करून येतेस, असं नागपुरी थाटात म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, आवाज न बदलता, त्यांनी सांगितलं की क्लबचा करार सप्टेंबरमध्ये नवा व्हायचा आहे, तो झाला तर आणखी दोन माणसं घेता येतील, नाही झाला तर आहेत त्यातली दोन ठेवता येणार नाहीत. माझं परमिटही सप्टेंबरमध्येच संपतं. “मी तुला घाबरवत नाहीये. काय कशावर उभं आहे ते सांगतोय.” ते खरं होतं. त्यांचा स्वभाव घाबरवण्याचा नाही. मी कपातल्या चहाकडे बघत विचार करत होते की या पर्यायात विल्मर तर सुटतोच. यादी बरोबर जाईल. कुणाचं नुकसान नाही. फक्त ग्रेगला मी दुसऱ्यांदा एक तयार कारण देईन, तेही खोटं नसेल, दोन होमरन खरंच मारले गेले होते. आणि ग्रेग पुन्हा आभार मानेल. नेमकं तेच मला सहन होईना. शिवाय दुसरी शंका होती. रविवारच्या दोन होमरनवर कुणी ठरलेला सौदा मोडत नाही. चूक झाली होती असं सांगितलं तरच तो मोडेल. हे मी शिरीषना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाले, “बरं. युअर मॅन ग्रेगला फोन मी लावतो. बोलशील तू.”

बारा वाजून दहा मिनिटांनी ग्रेग स्पीकरवर आला. मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो घरीच होता. मी चूक सांगितली, ओळ सांगितली, जुना क्रमांक आणि नवा क्रमांक सांगितला. नळ बंद झाला. त्याने विचारलं, एक जूनच का. शिरीष माझ्याकडे बघत होते. माहितीच्या साफसफाईच्या नियमातली त्रुटी, असं म्हणता आलं असतं, ते वाक्य मी कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

“माझ्या वडिलांचा जन्म त्या तारखेला झाला,” मी म्हणाले. “कागदावर.” आणि मग मास्तर, रजिस्टर, डोक्यावरून कानाला लावायचा हात, अकरा जणांचा फोटो, सगळं सांगितलं. इंग्रजीत ते फार लांबलं. मी थांबल्यावर ग्रेगने विचारलं, मग जूनमध्ये तू ते स्ट्राइक-आऊटचं म्हणाली होतीस, ते काय होतं. ते मी नंतर शोधलं होतं, मी म्हणाले, क्रमांक आधी आला होता. यावर तो जे म्हणाला त्यात राग नव्हता. ते कारण त्याने साहेबांना सांगितलं होतं, साहेबांनी बैठकीत सांगितलं होतं, आणि विल्मरला तो सोळा वर्षांचा असल्यापासून पाहणारा त्यांचा एक म्हातारा माणूस ते ऐकून बैठकीतून उठून गेला होता. आता मला त्याला फोन करावा लागेल, असं ग्रेग म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर दिवसभर काही झालं नाही. मी दुपारी घोड्यांचे आकडे केले. सहाला बाहेर पडून डॉकच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. पर्यटकांची पिवळी गाडी रस्त्यावरून सरळ पाण्यात उतरली, ती जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालते, आणि शिंगांच्या टोप्या घातलेली वीस-पंचवीस माणसं नेहमीसारखी माझ्यावर ओरडली. ओरडायचं त्यांना गाइड सांगतो. मी हात हलवला. विल्मर दुसऱ्या क्रमांकावर गेला म्हणजे मधले सगळे एकेक पायरी खाली आले होते, हे मला सकाळीच, यादी आली त्याच क्षणी दिसलं होतं. बारावा तेरावा झाला होता, तेरावा चौदावा. म्हणजे बारावा आता रेषेच्या खाली होता. त्याचं नाव कोडी, कॅन्ससचा, पिचर, तेवीस वर्षांचा. दुपारी मी त्याच्या गावचं वर्तमानपत्र इंटरनेटवर शोधलं होतं. फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं होतं. स्टेडियमच्या जवळ त्यांनी घर घेतलं होतं आणि दोघं मिळून पुढच्या दाराला निळा रंग देत असल्याचा फोटो होता. हे शोधायला नको होतं. मी ग्रेगशी बोलले तेव्हा मला कोडीचं दार माहीत नव्हतं, पण बारावा कुणीतरी असणार एवढं माहीत होतं. पाण्यात ती पिवळी गाडी गोल फिरत होती. कोडीच्या आकड्यात चूक नव्हती. मी तीनदा तपासला. जन्मतारीख बारा मार्च.

नऊला दहा मिनिटं असताना मी वर गेले. इथे जुलैत त्या वेळी चांगलं ऊन असतं. समोरच्या क्रेनची केबिन उन्हात लाल दिसत होती. ग्रॉन्या गेली होती, शिरीष एकटे पडद्यासमोर बसून पान पुन्हापुन्हा उघडत होते. नऊ वाजून चार मिनिटांनी बातमी आली. डावखुरा पिचर आमच्या क्लबला मिळाला होता. बदल्यात तिघे, आणि त्यातलं तिसरं नाव कोडीचं. शिरीषनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे वळून, विल्मर राहिला, असं म्हणाले. मी हो म्हणाले. ग्रेगची दोन ओळींची मेल होती. यापुढे प्रत्येक यादीत जन्मतारखेचा रकाना हवा. सप्टेंबरचं आत्ता काही सांगता येत नाही.

शिरीषनी ती दोनदा वाचली. मग खण उघडून एक फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि वरचं माझं नाव लिहायला सुरुवात केली. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज होता. क्लब राहिला तर राहिला, म्हणाले, घोडे आहेतच. जन्मतारखेपाशी येऊन ते थांबले.

“तुझी तरी खरी ना? की तीही मास्तरांची?”

“दवाखान्यातली आहे. वेळसुद्धा आहे.”

“मग मेलीस. तुला अठ्ठावन्नला अठ्ठावन्नच व्हावं लागणार.”

ते लिहीत असताना मी पर्समधून पाकीट काढून फोटो टेबलावर ठेवला. सकाळी मी माणसं मोजली होती, चेहरे पाहिले नव्हते. आता डावीकडून एकेक पाहिला आणि कागदावरची अठ्ठावन्न वर्षं बाजूला ठेवून कोण खरोखर किती वर्षांचा असेल ते ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तिसरा मला पन्नाशीचा वाटला आणि पाचवा सत्तरीचा, पण दोघांच्याही बाबतीत मी नंतर कारणं शोधत होते, केस, खांदे, चष्म्याची काच. सातवे अप्पा, मागच्या रांगेच्या टोकाला उभे. त्यांच्याकडे मी बराच वेळ बघितलं. ते म्हातारे दिसतात की नाही ते मला सांगता आलं नाही. दिसलं एवढंच की नारळ त्यांनी काखेत दाबला आहे आणि उजव्या हाताने गळ्यातला हार छातीपासून चार बोटं पुढे ओढून धरला आहे. झेंडू ओला असणार. शर्ट नवा होता.